गळ्यात अडकवलेला आवाज

आमच्या घरात आलेली पहिली 'पोर्टेबल' वस्तू म्हणजे टेपरेकॉर्डर. बाबांनी तो परतवाड्याच्या बाजारातून आणला. दुकानदारानं म्हणे त्याची मूठ धरून तो बाबांच्या तोंडासमोर हलवला आणि म्हणाला, "पोर्टेबल हाये, कुठंबी न्या." बाबांनी तो चांदूर बाजारला आमच्या घरी आणला आणि त्यानंतर तो कुठंही गेला नाही. त्याला मोठाले सेल लागायचे. सेल उतरत आले की त्यातला माणूस झोपेत बोलल्यासारखा बोलायचा. सेल नसले तर भिंतीतल्या प्लगपासून वायर पोचेल तेवढंच त्याचं जग. आणि प्लगात वीज असेलच असं नाही. भारनियमनाची वर्षं होती ती, वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची.

मी जन्मापासून आंधळा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी चुकचुकायला नको. मराठीत आंधळ्यांवर म्हणी इतक्या आहेत, की माझ्या लहानपणी आळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं एकेक वाटून घेतली होती. 'आंधळा मागतो एक डोळा' ही तर मी रोज ऐकायचो. मी कुणाकडे डोळा मागितला नव्हता. मला पुस्तक हवं होतं, तेही स्वतःच्या मर्जीनं. हवं तेव्हा उघडायचं, कंटाळा आला की मिटायचं, आवडलं ते चार वेळा वाचायचं. ब्रेलची पुस्तकं आमच्या गावापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे ते मला मिळत नव्हतं आणि म्हणून मी कायम चिडलेला असायचो.

मला वाचून दाखवायची ती माझी मोठी बहीण. ताई गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आईला घरकामात मदत करायची आणि उरलेल्या वेळात माझी पुस्तकं कॅसेटवर वाचायची. कोऱ्या कॅसेट परवडायच्या नाहीत. म्हणून बाबांच्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेट ती घ्यायची, पुन्हा भरता यावं म्हणून वरची तुटलेली खाच चिकटपट्टीनं बुजवायची आणि त्यांवरच माझा इतिहास, माझं अर्थशास्त्र भरायची. धडा संपला की उरलेल्या फितीवर एकदम कोरस सुरू व्हायचा. बाबा पहिल्यांदा संतापले. पुढे पुढे मात्र धडा संपायच्या बेतात आला की ते माझ्याजवळ येऊन बसायचे, मागचं गाणं कुठून सुरू होतं ते ऐकायला.

प्रत्येक कॅसेट एकाच वाक्यानं सुरू व्हायची. "आयक. आता वाचून राहिली." मग ताईचा सपाट, घाईचा आवाज. मधे कुकरच्या शिट्ट्या, आईची हाक, कोंबड्यांचा कलकलाट. ते सगळं मला धड्यासकट पाठ होतं. अजून कुठं कुकर वाजला की मला एखादा तह नाही तर कायदा आठवतो.

बाबा जिनिंगमध्ये होते. सरकीपासून कापूस वेगळा करायचा, दाबायचा, गाठी बांधायच्या. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज असायचं आणि ते कशासाठी असायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कापूस कमी यायचा, जिनिंग कधी चालायचं, कधी बंद. बंद असलं की बाबा घरी बसून मला गाठीचं शास्त्र सांगायचे. "मोकळा कापूस कुठं जात नाही बाप्पा. गाडीभर भरला तरी तो बाजारापुरताच. दाबून गाठ बांधली का मंग तो बंबईले जाते, इलायतेले जाते." हे मी पुष्कळ वेळा ऐकलं होतं आणि दरवेळी मला वाटायचं, मी तो मोकळा कापूस आहे. ताईच्या गाडीभर, आणि चांदूर बाजारपुरता.

ताईला स्थळं येत होती. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "याले कोन वाचून दाखवन?" आई रडायची. आधीच त्या दिवसांत गावात सोयरिकी अडत होत्या, जुळलेली लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि आमच्याकडे चालून आलेलं स्थळ ही बाई माझ्या नावावर परत पाठवत होती. आळीतल्या बायका मला पाहिलं की आवाज खाली आणायच्या. आंधळ्यासमोर आवाज खाली आणणं म्हणजे काय ते त्यांना कळत नसावं. मी सगळं ऐकायचो.

एकदा मी ताटावरून उठलो आणि ओरडलो, "मी कोनाच्या लग्नातला धोंडा व्हाले जन्मलो नाही!" ताईनं मला उठू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "ठीक हाये. तू सोता वाच. मी सांगीन ते, मी सांगीन तिथं. त्या दिवशी मी हो म्हनीन."

त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली.

एम.ए.साठी मी अमरावतीला राहायला आलो. तिथं एका संस्थेत बोलणारा संगणक होता. पडद्यावर जे असेल ते तो वाचायचा, बहुतेक इंग्रजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरोखर रडू आलं. पण तो महागडा प्रोग्राम त्या एकाच मशीनवर चालायचा. मशीनच्या मागं एक ठोकळा खोचलेला होता, तो काढला की आवाज मुका. दुसऱ्या मशीनवर तो प्रोग्राम चालायचा नाही. तिथं आम्ही पाळीपाळीनं बसायचो, आणि संध्याकाळी ती खोली कुलपात जायची.

ताई आली तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यानं तिथं नेलं. तिनं ऐकलं. मग विचारलं, "हे घरी नेता येते?"

"नाही."

"तुह्या खोलीवर?"

"नाही."

"मंग आपला टेपच बरा. त्याले मूठ तरी हाये."

मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

त्याच सुमारास आमच्या भागात सर्व्हे करणाऱ्यांची रीघ लागली होती. मुंबई, पुणे, दिल्ली. सगळ्यांकडे लॅपटॉप, सगळ्यांना गावं पाहायची असायची. त्यांतला एक संशोधक चार दिवस आमच्या घरी उतरला. आईला तो विचारायचा, तुम्हाला यंदा कसं वाटतं? आई म्हणायची, "कसं वाटन? चा घे." जाताना त्यानं मला एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात एक फुकट प्रोग्राम होता, तसाच बोलणारा. पण त्याला कुठं बसवावा लागत नव्हता. पेन ड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावायचा, एक फाइल चालू करायची, आणि मशीन बोलायला लागायचं. त्याला जे काही लागतं ते सगळं तो आपल्याबरोबर घेऊन फिरायचा. यजमानाकडे काही मागत नाही, उठताना मागं काही ठेवत नाही, असा पाहुणा मी आमच्या नात्यागोत्यात कधी पाहिला नव्हता.

मी तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला.

बस स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. मालकाला सगळे चाचा म्हणायचे. पूर्वी त्यांच्या घरात टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं, टाइपरायटर गेले आणि त्या जागी संगणक आले. माझ्या गळ्यातला दोरा पाहून ते म्हणाले, "ये क्या, ताविज है क्या?" मी म्हटलं, आवाज आहे. त्यांनी नियम सांगितला, बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी काउंटरवर द्यायचा, तपासल्याशिवाय मशीनला लावायचा नाही. व्हायरसचे दिवस होते, नियम रास्त होता. मी दिला. त्यांनी तपासून परत केला. मी मशीनला लावला, आणि काही नाही. पूर्ण शांतता. मी कळ दाबतोय, दाबतोय, आणि मशीन मख्ख.

मी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारचं गिऱ्हाईक उठून गेलं. चाचा आले, पाहिलं आणि म्हणाले, "अरे भाई, वो तपासनेवाले ने तुम्हारी आवाज को कचरा समझके निकाल दिया."

अनोळखी प्रोग्राम दिसला की काढून टाकायचा, असं ते तपासणारं सॉफ्टवेअर होतं. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. संशोधकाला फोन करून, त्याच्याकडून दुवा घेऊन, चाचांच्या मशीनवर तो पुन्हा उतरवायला अर्धा दिवस गेला. त्यानंतर चाचांनी एक प्रत स्वतःकडेच ठेवून दिली. म्हणाले, "अब तुम्हारी आवाज मेरे पास भी है. चिल्लाना मत." त्यांनी त्या वेळाचे पैसे घेतले नाहीत आणि मी माफी मागितली नाही. आमचं जमलं.

मग मला वेडच लागलं. कॉलेजच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, परतवाड्याला मामाच्या ओळखीच्या फोटो स्टुडिओत, जिथं म्हणून मशीन असेल तिथं मी गळ्यातला दोरा काढून, "जरा पाहू द्या," म्हणून बसायचो. इंग्रजी सगळीकडे बोलायचं. मला त्या मशीनवर काही करायचं नसायचं. फक्त ते माझ्याशी बोलतं का एवढंच पाहायचं, आणि उठायचं. लोकांना मी डोकं फिरलेला भैताड वाटत असणार.

आणि मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरी आले, जेवले, त्यांच्या बोलण्यात कुठं बडेजाव नव्हता. मला त्यानं विचारलं, "तुम्ही काय वाचता?" कसं वाचता, असं विचारलं नाही. सगळे विचारतात कसं. मला तो तिथंच आवडला. ते गेल्यावर मी दाराशी उभा राहून ताईचं ऐकत होतो. ती काही बोलत नव्हती, पण भांडी घासताना आदळत नव्हती. नकार द्यायचा असला की ती भांडी आदळायची.

त्या लोकांना आठवड्याभरात उत्तर हवं होतं. मी ताईला म्हटलं, "सांग, काय वाचू अन् कुठं वाचू."

तिनं धडा निवडला. वऱ्हाडातला कापूस आणि रेल्वे, असा एक धडा माझ्या इतिहासाच्या पुस्तकात होता. बाबांच्या जिनिंगमुळे तिला तो जवळचा वाटायचा. पुस्तक तर मशीनला वाचता येणार नाही, म्हणून तिनं आपल्या शिकवणीच्या पैशांतून तो अख्खा धडा अमरावतीच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला. आणि त्याला बजावून सांगितलं, "माह्या भावाले वाचाचं हाये. अक्षर मोठं पायजे, ठळक पायजे, चांगलं वळणदार." आंधळ्या भावासाठी ठळक अक्षर! तिनं हे मला इतक्या अभिमानानं सांगितलं की मी हसलो नाही. त्यानं फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर टाकली आणि एक छापील प्रतही दिली.

जागा ठरली चाचांचा कॅफे. दुपार होती. चाचांनी मला कोपऱ्यातलं मशीन दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून हेडफोन दिला. अट अशी, की मशीन माझ्या कानात वाचेल, ते ऐकून मी मोठ्यानं म्हणायचं. ताई माझ्या खुर्चीमागं छापील कागद घेऊन उभी. तिच्या हातातल्या कागदाचा आवाज मला येत होता.

फाइल उघडली. चाचा म्हणाले, "वा, क्या मोटा अक्षर है." पडद्यावर मराठी झकास दिसत होतं. मी खालचा बाण दाबला.

कानात मशीन बोललं, एफ, के, तिरपी रेघ, कंस पूर्ण, जे, जे, स्वल्पविराम.

मी पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एक मराठी शब्द नाही, अर्धासुद्धा नाही. मागं ताई म्हणाली, "वाच ना."

त्या क्षणी मला दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या, ज्या अर्थानं मला काही दिसतं त्या अर्थानं. मी जर म्हटलं की हे वाचता येत नाही, तर अकोल्याचं स्थळ संध्याकाळपर्यंत गेलं. आणि हा धडा मला पाठ होता. तो कॅसेटवर होता, ताईच्या आवाजात, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

मी वाचायला लागलो. खालचा बाण दाबायचा, कानात जे, के, कंस ऐकायचं, आणि तोंडानं म्हणायचं की वऱ्हाडातला कापूस बैलगाड्यांनी दूरच्या बंदरापर्यंत जाई, वाटेत भिजे, चोरीला जाई, आणि रेल्वे आल्यावर अकोला नि अमरावतीच्या बाजारांचं रूप बदललं. कानातला तो कचरा आणि डोक्यातला ताईचा आवाज एकमेकांत घुसत होते. मी मुद्दाम मधे अडखळलो, एक शब्द परत वाचला, खऱ्या वाचणाऱ्यासारखा. पाठीवर घाम उतरत होता. एका ठिकाणी मागचा कागद हलायचा थांबला. मी बोलत राहिलो. वाटलं, पकडलं. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि मी पुढं निघालो.

धडा संपला. कोरस सुरू झाला नाही, एवढाच काय तो फरक. चाचा म्हणाले, "माशाल्ला." ताईनं कागदांची घडी घातली.

आम्ही स्टँडकडे आलो. रसवंतीवर तिनं दोन ग्लास सांगितले. घुंगरू वाजत होते, चरक फिरत होता. अर्धा ग्लास संपल्यावर ती म्हणाली, "घरी फोन लावजो. अकोल्याले हो म्हना, म्हनावं."

लग्न आमच्याच दारात झालं. त्रिशरण, पंचशील, दोन्हीकडची मोजकी माणसं. निघताना तिनं माझ्या गळ्यातला दोरा चाचपून पाहिला आणि सोडला. मला हसू येत होतं आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं.

पळायला जागा नव्हती, कारण आता मला खरंच वाचता यायला हवं होतं. ताई दर रविवारी अकोल्याहून फोन करायची. "वाचून राहिला ना?" मी म्हणायचो, "वाचून राहिलो." आणि फोन ठेवला की मला बसवत नसे.

मी त्या डीटीपीवाल्याकडे भांडायला गेलो. तो बिचारा गांगरला. म्हणाला, त्याचा फॉन्ट तसाच आहे. आत मशीन इंग्रजी अक्षरं साठवतं, त्यांवर मराठी चेहरे बसवायचं काम फॉन्ट करतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथं मराठी दिसतं, नाही तिथं चिवडा दिसतो. चाचांकडे तो फॉन्ट होता, म्हणून डोळ्यांना ते मराठीच होतं. माझ्या प्रोग्रामला चेहरे कळत नाहीत, तो थेट आतलं वाचतो. आणि आत मराठी नव्हतंच.

"मग असं करू," तो म्हणाला, "तुम्हाला पीडीएफ देतो. ती जगात कुठंही न्या, अशीच्या अशी दिसते."

मी ती नेली. चाचांकडे, कॉलेजात, परतवाड्याच्या फोटो स्टुडिओत. सगळे म्हणाले, वा, सुंदर. माझ्या मशीनला तिच्यातूनही तोच चिवडा मिळाला. चांगलं दिसण्यासाठी बांधलेली गाठ होती ती, बोलण्यासाठी नव्हती. दुसऱ्या एकानं पुस्तकाची पानंच स्कॅन करून दिली, तर त्यांत अक्षरंच नव्हती, पानांचे फोटो होते, आणि मशीन म्हणालं, रिकामं. त्या दिवशी मी पेन ड्राइव्ह गळ्यातून काढून भिंतीवर फेकला. तो फुटला नाही. माझ्यापेक्षा घट्ट निघाला.

म्हणजे प्रोग्राम माझ्याबरोबर सगळीकडे जात होता, पण त्याला खायला काही मिळत नव्हतं. जाईन तिथं चूल घेऊन फिरायचो, पीठ कुणाकडेच नव्हतं. मी ताईच्या कॅसेट ऐकून, मित्रांना गळ घालून, लेखनिक घेऊन एम.ए. झालो. पुढं तिवस्याला एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो. कायम नोकरीची भरती बंद होती. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, दर पावसाळ्यात पुन्हा अर्ज. कापूस वेचणीला वर्ग रिकामा व्हायचा आणि मी बाकांना शिकवायचो. अमरावती, तिवसा, अकोला, चांदूर बाजार, नुसता एसटीतून हिंडत होतो. एका जागी थांबलो की ताईला मारलेली थाप आठवायची.

हळूहळू युनिकोड आलं. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या जगात एकच क्रमांक असतो, मशीन कुठलंही असो, फॉन्ट कुठलाही असो. मोबाइल आले, लोक आपोआप तसंच लिहायला लागले. पेपर वाचता येऊ लागले, पुस्तकं येऊ लागली. सुरुवातीला माझा प्रोग्राम मराठी हिंदी ढंगात वाचायचा, दिल्लीहून आलेल्या इन्स्पेक्टरसारखा, पण वाचायचा. मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक प्रोग्राम मिळाला. मी सगळ्यात आधी ती जुनी फाइल शोधली. ताईनं टाइप करून घेतलेला धडा इतकी वर्षं मी जपून ठेवला होता, एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर. तो बदलून घेतला आणि तसाच ठेवला. एकट्यानं उघडायचा नाही असं ठरवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला गेलो. अकोल्याचं ऊन, दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर आणि वाळ्याचा ओला वास. भाऊजी झोपले होते. ताई शेजारी खाली बसून सुपात गहू पाखडत होती. मी गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून भाऊजींच्या संगणकाला लावला. "ताई," मी म्हटलं, "तुह्या लग्नाचा धडा आयकवतो." या वेळी हेडफोन नव्हता. मशीन मोठ्यानं वाचत होतं.

कापूस, बैलगाड्या, बंदर. गहू सुपात वर-खाली होत होता. मीही मनातल्या मनात पुढचं वाक्य आधी म्हणत होतो, आणि ते बरोबर येत होतं. मग एका ठिकाणी मशीन मला माहीत नसलेलं काही तरी वाचायला लागलं.

जुन्या काळच्या कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याचा उतारा होता तो. बाजारात गाठी वाहणाऱ्या, कापसाच्या गंजीवर राबणाऱ्या आमच्या लोकांबद्दल. ते कसे, त्यांची जात काय, त्यांना कुठं उभं राहू द्यावं नि कुठं नाही. असे शब्द, की बाबांनी ऐकले असते तर ते ताटावरून उठले असते. आणि मशीन ते एकसुरी, न लाजता, न अडखळता वाचत होतं, जसे बैल वाचले तसेच आम्ही.

सूप थांबलं.

मी मशीन थांबवलं. इतक्या वर्षांपूर्वी चाचांच्या कॅफेत मागचा कागद थांबला होता, तेव्हाची ती शांतता मी लगेच ओळखली.

"हे कॅसेटमधी नोतं," मी म्हटलं.

"नोतं," ताई म्हणाली. "मी वाचलं नाही. लहान होता तू. तुह्या कानात मी असं कायले टाकू?"

"अन् त्या दिवशी?"

"टायपिंगले देतानी ध्यानातच आलं नाही. तू वाचाले लागला, तवा कागदावर पुढं पायलं. माहा तर जीवच गेला. आता हा हे मोठ्यानं वाचन, साऱ्या दुकानासमोर. अन् तू वाचलंच नाही. जिथून मी सोडलं होतं, तिथूनच तू सोडलं. आधी मले बरं वाटलं. मंग समजलं."

इतकी वर्षं जी थाप मी सांभाळत आलो, ती तिला त्याच मिनिटाला कळली होती. मग रसवंती, मग फोन, मग दर रविवारचं "वाचून राहिला ना?" माझे कान तापले. राग कुणावर काढायचा ते कळेना.

"अजून कुठं कुठं सोडलं?"

"आता तुले येते ना वाचता," ती म्हणाली. "शोध."

"मंग हो कावून म्हनली? तुले तर मालूम होतं, मले काही वाचता येत नाही."

कूलर घरघरत राहिला. आत भाऊजींनी कूस बदलली. ताईनं आवाज खाली आणला.

"घरात मी एकच रट लावली होती, याले सोडून जात नाही, याले सोडून जात नाही. सारे म्हनत, केवढी मायाळू पोरगी. कोनी एक डाव विचारलं नाही, का बाई, तुले जावंसं वाटते का. मले वाटे रे. लय वाटे. तू तिथं घामानं भिजून पाठ म्हनून राहिला होता, अन् मी मागं उभी राहून मनातल्या मनात म्हनत होती, अडकू नको बाप्पा, आता अडकू नको."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "लाव पुढं," ती म्हणाली. "अर्ध्यावर नको ठेवू."

मी खालचा बाण दाबला.